दिवेलागणीनंतरचं पाणी

१

ज्या घरात दिवेलागणीनंतर कुणी पाण्याचा थेंबही तोंडात घेत नाही, त्या घरात धाकट्या सुनेच्या खाटेखाली सकाळी पितळेची लोटी सापडली. लोटी रिकामी होती, पण आतून ओली. कारंज्याच्या कापडबाजारात जवरीलाल शेटजींच्या घराला जो मान होता, तो याच गोष्टीचा. जैनांची घरं गावात पुष्कळ. पण सूर्य बुडाल्यापासून उजाडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, औषधसुद्धा नाही, असं चौविहाराचं व्रत लहानथोर सगळ्यांनी जन्मभरासाठी घेतलेलं घर हे एकच. मग ही लोटी आली कुठून?

त्यात आदल्या संध्याकाळी त्या धाकट्या सुनेचा, राजमतीचा, हात मोडला होता. ती पडली नव्हती, कुठं आपटली नव्हती. गोधडीची घडी घालता घालता दंडाचं हाड कट्‌कन मोडलं. वर्षभरापासून ती अशीच झिजत होती. पोट दुखायचं, अन्न उलटायचं, पायात त्राण नसायचं, बोलता बोलता डोळे मिटायचे. लोटी सापडल्यावर शेटजींनी तिची खोली धुंडाळली, तेव्हा तिच्या मोरीच्या काळ्या फरशीवर वाळलेला पांढरा भुगा दिसला. त्यांनी तो कागदावर खरवडून घेतला. मग पाणी भरणाऱ्या रुखमाबाईनं दबक्या आवाजात सांगून टाकलं, की थोरली सून पानाबाई अंधार पडल्यावर पदराखाली काहीतरी झाकून त्या खोलीकडं जाते, हे तिनं कितीदा पाहिलंय.

एवढं पुरेसं होतं. पानाबाई म्हणजे शेटजींच्या मेलेल्या थोरल्या मुलाची बायको. घरचा सगळा स्वयंपाक तिच्या हातचा. शेटजींनी जातभाई पेढीवर गोळा केले आणि सगळ्यांसमोर तिच्याकडं बोट केलं.

"माह्या मोठ्या सुनेनं धाकटीले इख घातलं. हाताले फळ्या बांधून झाल्या, का मी ठाणेदाराकडे जातो."

पानाबाई दारात खाली मान घालून उभी होती. ती रडली नाही, नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही.

नेमकी त्याच वेळी पेढीसमोर एक दमणी येऊन थांबली. बैल हाकणारा गडी मिशांना पीळ दिलेला, फेटा तिरपा. तो धनजचा जानराव. मागं बसलेली, राजमतीचा हात बांधायला बोलावलेली विजयमाला ही त्याची लेक. नागपूरला डॉक्टरी शिकून आलेली कुणब्याची पोर अख्ख्या मुलखात दुसरी नव्हती, आणि हे जानराव कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. बाजाराला जाणाऱ्याला थांबवून सांगायचा. पोरीनं कारंज्यात दवाखाना टाकला तेव्हापासून शेती धाकट्या भावावर सोडून हा गडी तिची दमणी हाकत होता, आणि त्या हुद्द्याचाही त्याला कोण गर्व!

विजयमालेनं दारातच सगळं ऐकून घेतलं. मग ती शेटजींना म्हणाली, "ठाण्यावर जायले मी नाही म्हनत नाही. पन इख कोनतं, हे तं मले पायल्यांदा पाहू द्या. दिवस मावळेलोक थांबा."

शेटजी तिच्याकडं बघत राहिले. एवढीशी पोट्टी आपल्याला थांबा म्हणते, हे त्यांना पचेना. पण मागं जानराव असा काही छाती काढून उभा होता, की ते थांबले.

२

राजमतीच्या हाताला फळ्या बांधताना विजयमालेनं कुणालाच खोलीत ठेवलं नाही. बाप उंबऱ्याबाहेर राखणीला बसला. त्याला आतलं अर्धंमुर्धं ऐकू येत होतं, आणि जे येत नव्हतं ते तो मनानंच भरून घेत होता.

राजमती चाळिशीची, पण साठीची वाटत होती. तिनं विष कुणी घातलं ते सांगितलं नाही. थोरल्या जावेबद्दल विचारलं की तिचे डोळे भरून यायचे आणि ती भिंतीकडं तोंड फिरवायची. मध्येच तिनं जपमाळ मागितली. माळ भिंतीतल्या फळीवर होती. "आधी मीच काढत होती," ती म्हणाली. "आता फळी वर सरकवली कोनंतरी. हात पुरत नाही."

विजयमालेनं माळ काढून दिली आणि फळीकडं जरा जास्तच वेळ पाहिलं.

मग एकेकाला ओसरीवर बोलावलं. राजमतीचा नवरा अमृतलाल आला, तो नखं कुरतडत. त्याचं म्हणणं, फळी त्याच्या लहानपणापासून तिथंच आहे, कुणी कशाला हलवील? बायको आजारी पडल्यापासून तो दुकानातच निजतो, हेही त्यानं सांगितलं. घरात मूल नाही, म्हणून नातेवाईक दुसऱ्या लग्नाचं बोलतात, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. ते रुखमाबाईनं सांगितलं. ते ऐकून जानरावनं मिशीवरून हात फिरवला. चोर सापडला, अशी त्याची खात्रीच झाली.

रुखमाबाईला एकदा बोलतं केल्यावर थांबवणं कठीण. तिनं हेही सांगितलं, की राजमतीच्या मोरीची घागर संध्याकाळी भरून ठेवली तरी सकाळी रिकामी असते, बाई रात्रभर लघवीला मोरीवर जाऊन पाणी ओतत असते, आणि ती फरशी कितीही घासली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरी.

शेटजी बोलले ते ताठ मानेनं. सुनेसाठी आपण काय केलं नाही? मोठ्या वैद्याकडून गोदंती भस्म आणलं. मध यांच्या घरात चालत नाही, म्हणून ते दुधातून दिलं. हाडं भरावीत म्हणून रोज दुधाचा मोठा पेला. कुणाच्या हातावर विश्वास नको, म्हणून दिवसाउजेडी स्वतःच्या हातानं पाजलं. सुनेवर त्यांची माया होती, यात कुणाला शंका येण्यासारखी नव्हती.

शेवटी पानाबाई आली. खांबाला टेकून उभी राहिली. विजयमालेनं विचारलं, लोटी तुमची का? तिनं मान हलवली, हो. त्यात काय होतं? पानाबाई गप्प. कायले नेत होतात? पुन्हा गप्प. ठाणेदार येईन तेव्हाही असंच गप्प राहणार का?

"राहीन," पानाबाई म्हणाली. "मी शब्द देल्ला हाये. मले फासावर नेलं तरी तो माह्यापाशीच राहीन."

असं निगरगट्ट बोलणारी बाई जानरावनं आजवर पाहिली नव्हती, आणि ही चांगली का वाईट हेच त्याला कळेना.

३

दुपार कलली. बापलेक दमणीशी कडब्याजवळ बसून भाकरी खात होते. जानरावनं आपला निकाल सांगून टाकला. अमृतलालले दुसरी बायको पायजे, म्हणून त्यानं सोमल घातला, थोरलीला धाक दाखवून तिच्या हातून. झालं, बोलाव ठाणेदाराला, धर कॉलर!

विजयमाला हसली. बापाचं ऐकून घ्यायची तिची ही पद्धत होती. पुरतं बोलू द्यायची आणि मग पायाखालची जमीन काढून घ्यायची. सोमल पोटात जात राहिला की जुलाब लागतात, तळहाताची कातडी जाड होते, ती सांगू लागली. राजमतीचे तळहात मऊ, आणि पोट इतकं बांधलेलं की चार चार दिवस साफ होत नाही. हे सोमलाचं काम नव्हे.

"मंग धोत्रा असन."

"धोत्र्यानं हाड मोडते का, बाबा?"

हाड मात्र कोणत्याच विषानं मोडत नाही, हे जानरावलाही मान्य करावं लागलं.

"आता लोटीचं पाहा," ती म्हणाली. "ह्या घरात सांजेपासून कोनी पानी पीत नाही. अन् बाई रातभर मोरीवर जाते, घागर संपवते. पोटात पानी गेल्याबिगर एवढं बाहेर येते का?"

जानरावचा घास हातातच राहिला. म्हणजे लोटीत पाणीच होतं! साधं, गाळलेलं, विहिरीचं पाणी. राजमतीला अशी तहान लागत होती की जन्मभराचं व्रत राखवत नव्हतं, आणि थोरली जाऊ तिची लाज झाकत होती. तो शब्द म्हणजे हा शब्द. त्याला आपल्या मघाच्या विचाराची शरम वाटली, आणि लगेच पोरीच्या डोक्याचा असा अभिमान वाटला की त्यानं बैलालाच दोन थापा मारल्या.

"चाल मंग, सांगून टाकू शेटजीले!"

"माह्यानं सांगवत नाही. ते गुपित राजमतीबाईचं हाये," विजयमाला म्हणाली. "अन् नुसत्या तहानेनं शेटजी ऐकनार नाहीत. तहान कायची, हाड काहून मोडलं, फरशी कायनं पांढरी झाली, उभी बाई बुटकी कशी झाली, ह्या साऱ्याचा चोर एकच असला पायजे. मले वाटते मी त्याले वळखतो. पन त्याले आजलोक आपल्या मुलखात कोनी पाह्यलं नाही."

हात धुऊन ती उठली. दवाखान्यातून दोन काचेच्या नळ्या आणि एक बाटली आणायला तिनं बापालाच पिटाळलं. आणि जाता जाता आणखी एक काम सांगितलं, ते ऐकून धनजचा जानराव लाजेनं लाल झाला.

४

उन्हं उतरली तेव्हा जातभाई पुन्हा ओसरीवर जमले. राजमतीची खाट दारापर्यंत आणली होती. पानाबाई खांबापाशी. अंगणातल्या ओट्यावर विजयमालेनं दोन नळ्या मांडल्या. एकीत राजमतीच्या लघवीचा नमुना, दुसरीत एका धडधाकट माणसाचा. तो धडधाकट माणूस कोण हे तिनं सांगितलं नाही, पण जानराव सगळ्यांकडं पाठ करून बैलांवरच्या माश्या वारत होता, तेवढ्यावरून लोकांना कळायचं ते कळलं.

तिनं दोन्हींत बाटलीतले थेंब टाकले. धडधाकट माणसाच्या नळीत जरासं धुकं आलं. राजमतीची नळी बघता बघता ताकासारखी पांढरी झाली.

"हे औषध चुना वळखते," ती म्हणाली. "तुमच्या सुनेच्या अंगातून चुना वाहून राह्यला. फरशीवरचा भुगा तोच. कोनी आनून टाकला नाही."

कुणीतरी म्हणालं, मग चुना खाऊ घातला असेल. विजयमालेनं मान हलवली. हा चुना हाडांतला आहे. हाडं पोकळ होत चालली, म्हणून गोधडी उचलली तर दंड मोडला. पाठीचे मणके दबले, म्हणून बाई आखूड झाली आणि फळी वर गेल्यासारखी वाटली. फळी आहे तिथंच आहे. रक्तात चुना साचला की पोट दुखतं, अन्न उलटतं, डोकं जड होतं. आणि तो चुना बाहेर टाकायला शरीर पाणी मागतं. इतकं मागतं, की माणूस वेडापिसा होतो.

"मंग हाडं कोन खाऊन राह्यलं?" शेटजींनी विचारलं.

विजयमालेनं स्वतःच्या गळ्याला बोट लावलं. इथं मोठ्या गाठीच्या मागं चार बारके दाणे असतात, मसुरीएवढे. अंगात चुना किती ठेवायचा, एवढंच त्यांचं काम. कधीतरी, हजारांत एखाद्याचा, त्यातला एक दाणा वाढतो. ती गाठ कर्करोगाची नसते, पसरत नाही. पण तिला थांबणं ठाऊक नसतं, आणि ती हाडांतून चुना उपसतच राहते. व्हिएन्ना शहरात एका ट्रामवाल्याची अशी गाठ पंधराएक वर्षांपूर्वी पहिल्यांदा काढली, हे तिच्या गुरुजींनी वर्गात शिकवताना सांगितलं होतं. सगळा वर्ग डुलक्या घेत होता. ती जागी होती.

"पन एक गोष्ट तुमाले कठीन जाईन, शेटजी. गोदंती भस्म म्हन्जे चुनाच. दूधही तेच. भरल्या घरात तुमी आनखी वतून राह्यले. मायेनं वतलं, पन उद्यापासून बंद करा, अन् मुंबईले नेऊन ते गाठ काढून घ्या."

शेटजींचा चेहरा उतरला. पण ते व्यापारी होते. अर्धा माल पटला म्हणून पूर्ण सौदा करणारे नव्हते. त्यांनी पानाबाईकडं बोट केलं. हे सगळं खरं धरलं तरी ती लोटी? सूर्य बुडाल्यावर या घरात लोटी घेऊन ही काय करत होती? विजयमाला काही बोलली नाही. पानाबाईनं ओठ मिटून घेतले. जानरावला ओरडून सांगावंसं वाटलं. त्यानं जीभ दाताखाली धरली.

तेव्हा खाटेवरून आवाज आला. "पानी होतं. मी मांगत होती. भाभीच्या पायावर डोकं ठेवून मांगत होती. व्रत मी मोडलं, बाबूजी. तिनं नाही."

पानाबाईनं तोंडावर पदर घेतला आणि वर्षभराचं रडू एकदम बाहेर आलं.

शेटजींनी रोखलेलं बोट खाली घेतलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, की बायका एकमेकींना सांभाळून घेतात. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते मानणार नाहीत. मुंबईला नेऊ, गळा उघडू. गाठ निघाली तर ते जातीसमोर आपलं तोंड काळं म्हणतील. नाही निघाली, तर मोठी सून गाडीतून उतरून सरळ ठाण्यावर जाईल.

"मंजूर," म्हणणारी विजयमाला नव्हती. ती पानाबाई होती.

५

अमरावतीला हाडांचा फोटो काढला. तो बघून तिथल्या डॉक्टरनं तोंडात बोट घातलं. मांडीचं हाड चाळणीसारखं दिसत होतं. रक्त मुंबईला तपासलं, त्यात चुना कितीतरी जास्त निघाला. मुंबईच्या एका मोठ्या सर्जननं विजयमालेचे सगळे कागद दोनदा वाचले आणि शस्त्रक्रियेच्या वेळी तिला शेजारी उभं राहायला सांगितलं.

बाहेरच्या बाकावर शेटजी, अमृतलाल, पानाबाई आणि जानराव. जानरावनं मुंबई पहिल्यांदाच पाहिली होती, आणि काही पाहिली नव्हती. त्याचे डोळे त्या दारावर. आधी एक नर्स बाहेर आली. तिनं सांगितलं, गळ्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या, चारही दाणे नीट सापडत नाहीत, वाढलेला एकही नाही. डॉक्टरसाहेब बहुतेक टाके घालतील.

पानाबाई उठली. ती पळणार, असं अमृतलालला वाटलं असावं, कारण तोही उठला. पण तिनं फक्त पदर सावरला आणि शेटजींसमोर जाऊन उभी राहिली, जणू कुणी बोलवायच्या आत आपण तयार आहोत. जानरावच्या मनात आलं, आपल्या पोरीचं चुकलं तर चुकलं, डॉक्टरही माणूसच. पण तिच्या शब्दावर ही बाई इथवर आली होती, आणि आता तिचं काय होणार?

दार पुन्हा उघडलं तेव्हा सर्जन स्वतः आले. गोरेपान, थकलेले. त्यांनी विचारलं, विजयमालेचे वडील कोण? जानराव उभा राहिला.

"मी आवरतं घेत होतो," ते म्हणाले. "तुमच्या मुलीनं घेऊ दिलं नाही. म्हणाली, हे दाणे पोटातल्या बाळाच्या गळ्यात वरून खाली उतरतात, एखादा जास्त खाली गेला असेल, छातीच्या हाडामागं बोट घालून पाहा. मी घातलं."

मागून विजयमाला आली. तिच्या हातात चिनी मातीची वाटी होती. वाटीत बोराएवढी, तांबूस तपकिरी, गुळगुळीत गाठ. शेटजी वाकून बघत राहिले. घरातला चोर एवढासा होता.

पुढचे काही दिवस अवघड गेले. उपाशी हाडं रक्तातला चुना गिळायला लागली, राजमतीच्या बोटांना मुंग्या आल्या, हात वळले. आता तिला दूध हवं होतं, आणि चुन्याची औषधंही. दिवसा जवरीलाल शेटजी दुधाचा पेला घेऊन वॉर्डात येरझारा घालत. महिन्याभरात राजमती भिंतीला न धरता चालली. डोळ्यांवरची झापड गेली. पानाबाईशी भांडलीसुद्धा, चादर नीट घातली नाही म्हणून.

६

कारंज्याला आल्यावर शेटजींनी पानाबाईला घरात चल म्हटलं. ती दारातच थांबली.

"जिथी म्हटलं होतं, तिथीच म्हना," ती म्हणाली. "मंग येतो."

असं सासऱ्याशी बोलणारी सून त्या बाजारानं पाहिली नव्हती. शेटजींचा हात पगडीकडं गेला, तसाच खाली आला. पेढीवर सगळी जात गोळा झाली. पलीकडं बायका, गर्दी दारापर्यंत. विजयमालेला त्यांनी आग्रहानं बोलावलं होतं, आणि जानराव तर न बोलावता आलाच असता.

शेटजी उभे राहिले. त्यांनी काही झाकलं नाही. आपण निरपराध सुनेला सगळ्यांसमोर विष घालणारी म्हटलं, ती वर्षभर धाकटीची तहान आणि लाज सांभाळत होती, आणि आपण मात्र मायेनं आजारच वाढवत होतो, असं त्यांनी एकेक शब्द मोजून सांगितलं. धाकटीचं व्रत मोडलं म्हणून जातीनं जे प्रायश्चित्त द्यायचं ते तिला नको, आपल्याला द्यावं, असंही म्हणाले. मग पानाबाईकडं वळून त्यांनी हात जोडले.

मागच्या रांगेतल्या कुण्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याला नीट दिसत नव्हतं. त्यानं मोठ्यानं विचारलं, गाठ ज्यांनी ओळखली त्या डॉक्टरीनबाई कोणाच्या, कोणत्या गावच्या?

या प्रश्नाची जानराव आयुष्यभर वाट पाहत होता. न विचारता ज्यानं हजारदा उत्तर दिलं होतं, तो उठला, छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि त्याचा आवाजच फुटेना. डोळे भरून वाहायला लागले. फेट्याचा शेमला तोंडावर दाबून तो नुसता उभा राहिला. विजयमालेनं खाली बसल्या बसल्या बापाचा हात धरला, पण तीही बोलू शकली नाही.

तेव्हा बायकांच्या बाजूनं एक आवाज आला. ज्या बाईनं फासाच्या धाकानंही तोंड उघडलं नव्हतं, तिचा. साऱ्या पेढीला ऐकू जाईल असा.

"धनजच्या जानरावची," पानाबाई म्हणाली. "ते उभे हायेत ना, त्याहीची लेक हाये ते."